ताईच्या ताटावर नजर

ताई स्वयंपाकीण होती, आणि स्वयंपाकिणीला डाएटवर घालणं म्हणजे सोनाराला डोळे बांधून दुकानात बसवण्यासारखं. एका मोठ्या छापखान्याच्या कँटीनचा सगळा कारभार तिच्या हाती होता. पातेल्यातला रस्सा डावाने तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि मीठ कमी की जास्त ते सांगायचं, यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. पण गेले काही महिने ती तो थेंब जिभेला लावायची आणि लगेच बेसिनमध्ये थुंकून टाकायची. हाताखालच्या बायका तोंड फिरवून हसायच्या. कारण कळलं तेव्हा हसायच्या थांबल्या.

कारण होतं तिचा धाकटा भाऊ. लहानपणी तो इतका गोलमटोल होता की घरात त्याला सगळे ढब्बू म्हणायचे. ते नाव चाळिशी उलटली तरी चिकटून राहिलं, पण आता त्यात काही अर्थ उरला नव्हता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून द्यायचा. त्याचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं पाण्याने टम्म फुगलेलं, डोळ्यांत हळद सांडल्यासारखा पिवळेपणा. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर माणूस वाचेल, आणि देणाऱ्याचंही लिव्हर काही महिन्यांत भरून येतं. बायकोचा रक्तगट जुळेना. मुलगी शाळकरी. आईवडील कधीच गेलेले. जुळलं ते फक्त ताईचं, पण तिच्या लिव्हरवर चरबी होती. ती उतरल्याशिवाय डॉक्टर सुरीला हात लावणार नव्हते.

त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत सगळ्यांनी ताईकडे पाहिलं आणि ताईने मान हलवली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. कुणी विचारेल याची वाटही तिने पाहिली नव्हती. बहीण आहे, म्हणजे देणारच. त्यात विचारायचं काय?

मग उकडलेल्या भाज्या, मोजका भात, सकाळ-संध्याकाळ चालणं सुरू झालं. ताई बरीच उतरली. ब्लाउज ढगळ झाले, गाल आत गेले. आता एकच तपासणी उरली होती आणि तीत सगळं ठीक निघालं की ऑपरेशनची तारीख मिळणार होती. नेमकं तेव्हाच ढब्बूने टुमणं लावलं, की आपण सगळे चार दिवस कुठेतरी जाऊया. लहानपणी त्यांच्या घरात सुट्टी म्हणजे शाळा बंद, एवढाच अर्थ होता. भावंडं कधी एकत्र गावाबाहेर पडली नव्हती. हॉस्पिटलपासून फार लांब न जाण्याच्या अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिली. मुलीला आजोळी ठेवलं आणि तळ्याकाठचं एक छोटं हॉटेल ठरलं. ताईचा नवरा बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक होता. गाडी तो चालवणार होता.

भावजयीच्या मनात हे जाणं नव्हतं. ती शाळेत गणित शिकवायची, आणि हॉटेलात जेवायचं म्हटल्यावर काय काय चुकू शकतं याचा हिशेब तिच्या डोक्यात आधीच झाला होता. नवऱ्याचा हट्ट मोडवला नाही म्हणून ती आली, पण आली ती डोळ्यांत तेल घालून.

पहिल्याच जेवणाला ते ताईच्या लक्षात आलं. वेटर पाव आणि लोण्याची बशी घेऊन आला, तर भावजयीने ती टेबलावर टेकूच दिली नाही. ताईने मेन्यू उघडायच्या आत तिने ताईसाठी साधं सूप आणि वाफवलेल्या भाज्या सांगून टाकल्या. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि तेलाचा थेंब नको असं बजावून आली. ताई जेवायला लागली तेव्हा भावजय स्वतःच्या ताटाकडे पाहतच नव्हती. पेपर तपासावा तशी ती ताईचा घासन्‌घास तपासत होती. ढब्बू काहीतरी गमती सांगत होता. ताईचा नवरा मूग गिळून बसला होता. ताईच्या तोंडात गाजर होतं आणि ते काही केल्या गिळवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. न्याहारीला भावजयीने अंड्यातला पिवळा बलक चमच्याने अलगद काढून आपल्या बशीत घेतला, न विचारता, एखाद्या लहान मुलाचं ताट निवडून द्यावं तसा. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. पण ढब्बूचे पिवळे डोळे समोर होते. तिने उरलेलं पांढरं खाऊन टाकलं.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा ताई म्हणाली, डोकं जड झालंय, जरा वारा खाऊन येते. ढब्बू पडल्या पडल्या म्हणाला, "खा बिनधास्त. वाऱ्यात कॅलरी नसतात."

तळ्याच्या कडेने ती नावा दुरुस्त करायच्या जागेपर्यंत गेली. तिथे एक छोटंसं रेस्टॉरंट होतं. पाच-सहा टेबलं, त्यांवर पुसून पुसून रंग उडालेलं प्लास्टिक. आतून लोणी आणि लसणाचा असा काही वास आला की ताईचे पाय जागीच थबकले. एक मिनिट ती दारात उभी राहिली आणि मग आत जाऊन खिडकीशी बसली.

तिने लोण्यात तळलेला मासा मागवला, बटाटे मागवले, पाव मागवला. मासा आला तेव्हा त्याची कातडी तांब्यासारखी चमकत होती. काट्याने टोचल्यावर ती करकरली आणि आतून वाफ निघाली. पहिला घास तोंडात गेला आणि ताईचे डोळे आपोआप मिटले. शेवटी तिने खरपूस भाजलेली साखर घातलेली दुधाची खीर घेतली, थंडगार. मालक टकला, बोलका आणि स्वतःच आचारी होता. कातडी इतकी कुरकुरीत कशी राहते, असं ताईने विचारलं. तो म्हणाला, मासा आधी फडक्याने अगदी कोरडा करायचा. ताई म्हणाली, मग मीठ मासा तव्यावर टाकतानाच लावत असाल, नाहीतर पाणी सुटेल. मालकाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची ओढून बसलाच. दोघं कितीतरी वेळ तवे, आच आणि शिळ्या पावाचं काय करावं यावर बोलत राहिले. तेवढा वेळ ताई कुणाची बहीण नव्हती, कुणाचं औषध नव्हती.

पण खाई त्याला खवखवे. हॉटेलवर परतताना तिने नळावर दोनदा चूळ भरली, पदराने ओठ पुसले. खोलीत नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. लोण्याचा वास काय चूळ भरून जातो? त्याने उठून खिडकी उघडली, आणि त्याने ती जास्त घाबरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा तिथे गेली. जाणार नव्हती, पण गेली. मासा कालच्यासारखाच, रांधणारा हात तोच, तरी आज चव लागेना. ती नुसती खात होती, भराभर, पोत्यात भरावं तशी. पोट भरलं तरी तिने खिरीचा दुसरा वाडगा मागवला. आणि चमचा तोंडात असताना तिच्या मनात एक वाक्य स्वच्छ उमटलं: तपासणीत चरबी दिसली तर डॉक्टरच नाही म्हणतील, मला म्हणावं लागणार नाही.

तिचा हात थांबला. आपण भुकेने आलेलो नाही, जिभेचे चोचले पुरवायलाही आलेलो नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. तिला ऑपरेशनची भीती वाटत होती. पोट चिरणार, आतला तुकडा कापून काढणार, आणि आपण जागे झालोच नाही तर? ही भीती तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. ती बोलायचं काम तिने माशावर आणि खिरीवर सोपवलं होतं. तिला स्वतःची किळस आली. तरीही तिने वाडगा संपवला.

चौथा दिवस शेवटचा. दुपारचं जेवण झालं की निघायचं होतं. सकाळी ढब्बू ताईच्या नवऱ्याबरोबर तळ्यावर हळूहळू चालून आला होता आणि त्याला कुठेतरी एक छान जागा दिसली होती. गाडी नावांच्या दिशेने वळली. दुसरीकडे जाऊया, इथे गर्दी असेल, असं ताईने म्हणून पाहिलं. ढब्बूने ऐकलं नाही.

ते आत शिरले मात्र, मालक हात पुसत पुढे आला. ताईला पाहून त्याचा चेहरा फुलला.

"या, या! आज घरच्यांना घेऊन आलात. तुमचं खिडकीचं टेबल मोकळंच आहे. तोच मासा ना? आणि खीर आज पण दोन वाडगे?"

भावजय जागच्या जागी थांबली. ताईच्या कानांत घण पडत होते. मग ढब्बू घाईघाईने म्हणाला, की त्यानेच ताईला ही जागा बघून यायला पाठवलं होतं. त्याला खोटं बोलता यायचं नाही, लहानपणापासून नाही.

"रोज?" भावजयीने विचारलं.

मालकाला काय ते उमगलं असावं. तो मेन्यू ठेवून आत निघून गेला. चौघं बसली. भावजयीने टेबलावरचा कागदी रुमाल उचलला, त्याची घडी घातली, परत घडी घातली. आवाज न चढवता ती बोलली, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

"ताई, तुम्हाला द्यायचं नसेल तर तसं सांगा. पण असं खाऊन सांगू नका."

ताईला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण आला तो राग. चार दिवसांचा नव्हे, चार महिन्यांचा.

"मला विचारलंय कधी कुणी? बलक काढताना तरी विचारलंस?"

"नाही विचारलं." भावजयीने रुमालाची घडी उलगडली. "धीर झाला नाही. मी विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर मग मी कुणाकडे जायचं होतं?"

तेव्हा ताईचा नवरा बोलला. चार दिवसांत त्याने गाडीच्या हवेपाण्याशिवाय कशावर तोंड उघडलं नव्हतं. तो भावजयीकडे न बघता, मिठाच्या बाटलीकडे बघत म्हणाला, "ऑपरेशन टेबलावर दोघं जाणार आहेत. आपण सगळे एकाचंच बोलतो."

भावजय उठली आणि बाहेर गेली. काचेतून ती दिसत होती, उलट्या करून ठेवलेल्या नावांमधून येरझारा घालताना. थोड्या वेळाने ताईचा नवराही उठला आणि बाहेर जाऊन तिच्यापासून काही अंतरावर नुसता उभा राहिला. टेबलाशी भाऊ आणि बहीण उरली.

ढब्बूने मेन्यू बाजूला सरकवला. मग त्याने सांगितलं, की ही सुट्टी त्याने उगीच काढली नव्हती. घरात, हॉस्पिटलात कायम कुणीतरी असतं; ताईशी एकट्याने बोलावं म्हणून तो इथे आला होता, आणि चार दिवस त्याची हिंमत झाली नव्हती. काय बोलायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं: ताई, तू नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही.

"पण ते खोटं आहे," तो म्हणाला. "मला वाईट वाटेल. मला जगायचंय गं. पोरीला मोठं झालेलं बघायचंय. तुझ्यासमोर थोरपणा करायला बसलो तर तोंडातून शब्द फुटेनात." त्याने पिवळे डोळे वर केले. "म्हणून विचारतोच. देशील?"

ताई म्हणाली, "मला भीती वाटते, ढब्बू."

"मला पण."

"मी मुद्दाम खाल्लं. म्हणजे डॉक्टर नाही म्हणतील म्हणून."

ढब्बूचा चेहरा पडला. त्याने तो लपवला नाही. थोड्या वेळाने त्याने मान हलवली, कळलं, एवढंच सांगायला. ताई म्हणाली की तिला विचार करू दे. आत्ता हो म्हटलं तर ते पुन्हा त्या दिवशीच्या मान हलवण्यासारखं होईल. ढब्बू म्हणाला, कर.

जेवल्याशिवाय निघणं शक्य नव्हतं. ढब्बूच्या औषधांना पोटात अन्न लागायचं. बाहेरची दोघं आत आली. या वेळी मेन्यू ताईने उघडला. ती स्वतः आत मालकाकडे गेली. एक मासा बिनमिठाचा, लिंबू आणि हिरवा मसाला चोळून वाफेवर, तो भावासाठी. तिच्यासाठी मासा भाजलेला, लोणी नको, सोबत पानांची कोशिंबीर, बटाटे नकोत. नवऱ्याला आणि भावजयीला हवं ते. मालकाने मासा पुसायला फडकं उचललं.

ताट आलं. भावजयीने मान खाली घातली आणि तशीच ठेवली. ताईच्या ताटाकडे न बघण्यासाठी तिला किती जोर लावावा लागत होता ते तिच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. ताईने लहान घास घेतला. भाजल्यामुळे माशाला किंचित धुरकट चव होती, कडेला जरा करपलेली, आणि आत मांस गोड. काल तिने याच्या तिप्पट खाल्लं होतं आणि चव लागली नव्हती. आज लागली. ती सावकाश जेवली, प्रत्येक घास पुरता चावून. शेवटी तिने एकच वाडगा खीर मागवली, दोन चमचे खाल्ले आणि वाडगा नवऱ्यापुढे सरकवला. आणखी हवीशी वाटत होती. वाटू दिली.

जेवण उरकून गाडी परतीच्या वाटेला लागली. ताईचं काय ठरलं ते विचारायची कुणाची छाती नव्हती. मध्येच एका पेट्रोल पंपावर नवरा टायरची हवा बघायला उतरला. ढब्बूचा डोळा लागला होता. मागच्या सीटवर ताई आणि भावजय शेजारी शेजारी होत्या.

"तपासणीला तू चल माझ्याबरोबर," ताई म्हणाली. "मला एकटीला भीती वाटेल."

भावजयीला आधी कळलंच नाही. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. ताईने तिला जवळ घेतलं नाही. अजून तेवढं मन मोकळं झालं नव्हतं. बलक विसरायला वेळ लागणार होता.

तपासणीचा निकाल मात्र हवा तसा आला नाही. चरबी अजून थोडी होती. डॉक्टरांनी आणखी काही आठवडे मागितले. ताईने त्यांना खरं खरं सांगितलं, दोन दुपारी काय खाल्लं ते. डॉक्टर म्हणाले की दोन जेवणांनी लिव्हर बदलत नाही, आधीच थोडी जास्त असणार. ताईला ते पटलं नाही, कधीच पटलं नाही. कारण त्याच आठवड्यांत ढब्बूची तब्येत घसरली. पोटातलं पाणी दोनदा काढावं लागलं, एकदा तो बायकोला ओळखेना. ताई सकाळी चालायची, कँटीनला जायची, संध्याकाळी पुन्हा चालायची आणि रोज मनात म्हणायची, ती दुसरी दुपार नसती तर? भावजय तिला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर सोपं गेलं असतं.

शेवटी चरबीचा आकडा हवा तेवढा उतरला. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे ताईला एका खोलीत एकटीला बसवून विचारलं गेलं, की तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? समोरची बाई चष्म्यावरून बघत होती.

"होता," ताई म्हणाली. "मग भावाने विचारलं. आता मी माझ्या मनाने देतेय. भीती आहे ती आहेच."

बाईने ते लिहून घेतलं आणि पहिल्यांदाच हसली.

ऑपरेशन झालं. ताई जागी झाली तेव्हा पोटात निखारे ठेवल्यासारखं दुखत होतं आणि नवरा उशाशी उभ्या उभ्या रडत होता. ढब्बूचं सरळ गेलं नाही. ताप चढला, एकदा पुन्हा आत न्यावं लागलं, आणि एक दिवस असा होता की ताईला कुणी काही सांगेना. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा धुतल्यासारखा उतरला. तो घरी आला तो ताईच्या नंतर बऱ्याच दिवसांनी.

ताई घरी होती, पण तिला वाकता येत नव्हतं, पातेलं उचलता येत नव्हतं. ढब्बू हॉस्पिटलात असतानाच भावजय दिवसाआड तिच्याकडे यायची, स्वयंपाक करायची, वाढायची आणि परत जायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. एका दुपारी तिने भाताबरोबर डाळ वाढली आणि भांडी आवरायला वळली. ताईने एक घास घेतला. वर्षभर नवऱ्यासाठी बिनमिठाचं रांधून भावजयीचा हात पार आळणी झाला होता.

ताईने ताट जरा दूर सारलं. मग म्हणाली, "मीठच नाही यात."

भावजय वळली. तिच्या हातात डाळीचा डाव होता. ताईला वाटलं, आता ती माफी मागेल, पळत जाऊन मीठ आणेल.

"रोज नुसतं खाता आणि आज सांगता?" भावजय म्हणाली. "उद्यापासून तुम्हीच सांगा कुठलं किती. मी करते, तुम्ही चव बघा."

आणि तिने डाळीत मीठ टाकून ढवळलं आणि डावातला थेंब ताईच्या तळहातावर टाकला.